जुनी मोटारसायकल विकत घेताना

खेड्यातील दळणवळणाच्या साधनांत मोटारसायकलीने मिळविलेले स्थान आता कोणास सांगावयास नको. पहाटे दुधाचे डबे संकलन केंद्रावर पोहोचविणे, मळ्यातील भाजी बाजारास नेणे, तालुक्याच्या दुकानातून खताचे पोते आणणे, रात्री वीज येताच विहिरीवरील पंप चालू करावयास जाणे, अडल्या वेळी आजाऱ्यास दवाखान्यात नेणे, ही कामे पूर्वी बैलगाडी, सायकल आणि एस.टी. यांत वाटलेली असत. आज ती बहुतेक एकट्या मोटारसायकलीवर येऊन पडली आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्याचे तर तिच्यावाचून चालतच नाही. एका दिवसात तीन-चार गावांच्या शिवारांतून फिरावयाचे म्हटल्यास दुसरे साधन नाही.

नव्या गाडीची किंमत लहान खातेदाराच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे जुनी गाडी घेण्याकडे पुष्कळांचा कल असतो. त्यात वावगे काही नाही. नीट राखलेली जुनी गाडी आणखी आठ-दहा वर्षे बिनतक्रार काम देते. मात्र अशी खरेदी ज्या क्रमाने केली जाते तो क्रम उलटा आहे, हे येथे सांगावयाचे आहे. सर्वसाधारणपणे घेणारा एखादा जाणकार मित्र बरोबर घेऊन जातो. प्रथम रंग पाहतो, मग किक मारून आवाज ऐकतो, मीटरवरील आकडा वाचतो, वाड्याच्या अंगणात एक चक्कर मारतो आणि भाव ठरवितो. कागदपत्रांची आठवण सर्वांत शेवटी, चहा घेताना होते.

वास्तविक इंजिनातील कोणताही दोष दुरुस्त होण्यासारखा असतो. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटी, टायमिंग चेन हे सर्व भाग तालुक्याच्या गावी मिळतात व बसविणारा मिस्त्रीही मिळतो. त्यास किती पैसे पडतील याचा अंदाज आधी बांधता येतो. परंतु अपघातात वाकलेला सांगाडा पूर्वीसारखा सरळ होणे कठीण, आणि कागदांत राहिलेली खोट काढणे तर मिस्त्रीच्या आणि पुष्कळदा वकिलाच्याही हाती राहत नाही. यास्तव प्रथम कागद, नंतर सांगाडा, त्यानंतर इंजिन असा क्रम ठेवावा. रंग पाहिला नाही तरी चालेल.

नोंदणी पुस्तक म्हणजे गाडीचा सातबारा

शेतजमीन घेताना सातबारा पाहिल्याशिवाय कोणीही शेतकरी विसार देत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा अगर सोसायटीचा बोजा आहे काय, विकणाऱ्याच्या नावे फेरफार मंजूर झाला आहे काय, हे तो बारकाईने पाहतो. तोच शेतकरी चाळीस-पन्नास हजारांची मोटारसायकल मात्र मुद्रांकावर लिहिलेल्या चार ओळींच्या भरवशावर घरी आणतो, याचे आश्चर्य वाटते. गाडीचे नोंदणी पुस्तक, ज्यास आपण आरसी बुक म्हणतो, हाच तिचा सातबारा होय. त्याचे वाचन त्याच सावधपणाने झाले पाहिजे.

पुस्तकावरील मालकाचे नाव आणि समोर बसलेल्या विक्रेत्याचे नाव एकच आहे काय, हे पहिले. पुष्कळदा गाडी तीन हातांतून आलेली असते आणि पुस्तक पहिल्याच मालकाच्या नावाने असते. मधल्या दोघांनी नाव बदलण्याचा खर्च वाचविलेला असतो. अशा वेळी मूळ मालक स्वतः सही करावयास येईल तरच बोलणी पुढे न्यावीत. दुसरे, पुस्तकावर बँकेचे अगर वित्तसंस्थेचे नाव असल्यास तो बोजा उतरविला आहे काय. कर्ज फिटले एवढे तोंडी सांगणे पुरेसे नाही. संस्थेचे नाहरकत पत्र व तिच्या सहीशिक्क्याचा नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल होऊन नोंद कमी झाली पाहिजे. तिसरे, नोंदणीची मुदत. खाजगी मोटारसायकलीची नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन व शुल्क आणि पर्यावरण कर भरून तिचे नूतनीकरण करावे लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली असे वाटते. प्रत्यक्षात नूतनीकरणाचा खर्च त्या भावात मिळवावयाचा असतो. चौथे, पुस्तक मूळ आहे की दुय्यम प्रत आहे. दुय्यम प्रत असणे हा गुन्हा नव्हे, पावसात भिजूनही पुस्तक जाते. परंतु कारण विचारावे, आणि उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर विचार करावा.

यानंतर पुस्तक हाती धरून गाडीजवळ बसावे. चॅसिसचा क्रमांक बहुतेक गाड्यांत हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो आणि इंजिनाचा क्रमांक इंजिनाच्या खालच्या अंगास असतो. चिखल व तेल असल्यास रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढावे व एकेक अक्षर पुस्तकाशी ताडून पाहावे. कारखान्यात ठोकलेली अक्षरे एका ओळीत, एका मापाची व सारख्या खोलीची असतात. एखादा आकडा तिरपा, आजूबाजूची जागा कानशीने घासलेली, अगर तेवढ्याच भागावर ताजा रंग दिलेला दिसला, तर तेथून उठावे. चोरीची गाडी सापडल्यावर पोलीस ती घेऊन जातात. दिलेले पैसे कोणाकडून वसूल करावयाचे हा प्रश्न घेणाराच्या वाट्यास राहतो.

आता ही पडताळणी घरबसल्याही करता येते. केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन या मोबाइलवरील सोयीत गाडीचा क्रमांक घातला असता नोंदणीची व विम्याची मुदत, बोजा, तसेच मालकाच्या नावातील काही अक्षरे दिसतात. ई-चलनाचा दंड थकला आहे काय तेही त्याच प्रकारे कळते. शहरात वापरलेल्या गाडीवर सिग्नल मोडल्याची चार-पाच चलने साचलेली असणे मुळीच दुर्मिळ नाही. ती विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या मोबाइलवर शेतकऱ्यास ही माहिती पाहून दिल्यास दहा मिनिटांत मोठी मदत होईल. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीस उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसविलेली आहे काय तेही पाहावे व नसल्यास तो खटाटोप विक्रेत्यानेच आधी उरकावा.

सीमेवरील तालुक्यांत कर्नाटक, तेलंगण किंवा गोव्याच्या क्रमांकाची गाडी कमी भावात देऊ केली जाते. तिला मूळ कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर येथील क्रमांक घ्यावा लागतो व येथील करही भरावा लागतो. हा हिशेब मांडल्यावर भावातील फरक बहुधा उरत नाही.

नाव न बदलण्याचे परिणाम

नाव "नंतर करू" असे म्हणून राहून जाते. माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी एका दूध उत्पादकाने ओळखीतून अशीच गाडी घेतली. व्यवहार मुद्रांकावर झाला, गाडी उत्तम होती, दोन वर्षे तिने रोज दोन वेळा डबे वाहिले. पुढे मूळ मालक वारला आणि त्याच सुमारास नोंदणीची १५ वर्षे पुरी झाली. नूतनीकरणाचा अर्ज नोंदीतील मालकाच्या नावाने व्हावयाचा, आणि तो तर हयात नाही. वारसांनी नमुना ३१ भरून आधी गाडी आपल्या नावे करून घ्यावी, मग ती विकावी, असा मार्ग आहे. पण वारस तीन, ते तीन गावी, आणि ज्या गाडीचे पैसे त्यांनी पाहिलेही नाहीत तिच्यासाठी कचेरीत खेटे घालण्यात त्यांना रस नाही. ती गाडी गोठ्याच्या वळचणीस उभी आहे. तिच्या सीटवर कोंबड्या बसतात. इंजिन अद्याप चांगले आहे असे तो शेतकरी सांगतो, आणि ते खरेही असावे.

याहून गंभीर प्रसंग अपघाताचा. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात दिलेला निर्णय खेड्यापाड्यांत सर्वांस माहीत होणे अगत्याचे आहे. त्या प्रकरणात नोंदीतील मालकाने वाहन विकले होते, ते पुढे आणखी काही हातांतून गेले होते, परंतु परिवहन कार्यालयातील नोंद बदललेली नव्हती. अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावर येते, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे ज्याने गाडी विकून पैसेही खर्चून टाकले, त्याच्या दारी नोटीस येते.

हे ऐकून घेणारा म्हणेल, मग चिंता विकणाऱ्याने करावी. तसे नाही. निष्काळजीपणे गाडी चालविणारा स्वतः भरपाईस जबाबदार असतोच. शिवाय विमा मूळ मालकाच्या नावे असल्यामुळे गाडी चोरीस गेली अगर जळाली तर विमा कंपनी नव्या मालकाचा दावा सहसा मान्य करीत नाही. आणि विम्याची मुदतच संपलेली असल्यास भरपाईची रक्कम कोणाच्या तरी खिशातून जावयाची. ती लाखांत असते. शेतकऱ्याच्या बाबतीत खिसा म्हणजे जमीन, हे निराळे सांगावयास नको.

विम्याविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवणे इष्ट होईल. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी विकतानाच पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा उतरविणे बंधनकारक झाले. त्यामुळे दरवर्षी हप्ता भरण्याची सवय मोडली. पाच वर्षांनी तो विमा संपतो तेव्हा पुष्कळ मालकांच्या ते ध्यानातही राहत नाही. "विमा आहे" असे विक्रेता प्रामाणिकपणे सांगतो आणि कागदावरील तारीख मात्र मागेच उलटून गेलेली असते. तारीख स्वतः वाचावी. संपलेला असल्यास पहिला हप्ता भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये, घरापर्यंतसुद्धा नाही. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राचीही तारीख त्याच वेळी पाहावी. ते मिळण्यास फारसा वेळ लागत नाही.

सांगाड्याची परीक्षा

कागद नीट असल्याची खात्री झाल्यावरच गाडीकडे वळावे. आणि ती पूर्वी कोणत्या कामास होती याची चौकशी करावी, कारण मोटारसायकलीचे आयुष्य तिच्या वर्षांपेक्षा तिच्या कामावर अवलंबून असते. शाळेत जाणाऱ्या शिक्षकाची दहा वर्षांची गाडी आणि दूध वाहणाऱ्याची चार वर्षांची गाडी यांत पहिलीच अधिक तरुण असते. शंभर घनसेंटिमीटरच्या वर्गातील गाड्या दोन माणसांचे ओझे वाहण्याच्या हिशेबाने बनविलेल्या असतात. चाळीस लिटरचे दोन डबे भरले म्हणजे नुसत्या दुधाचेच वजन ८० किलोग्रॅमच्या वर जाते. त्यात डबे, कॅरिअर आणि चालविणारा मिळवावा. हे सर्व ओझे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस लोंबकळत, खाचखळग्यांच्या रस्त्याने रोज दोन वेळा जाते.

त्याच्या खुणा कोठे पाहाव्यात? सीट काढून टाकावी. मागील शॉकअप जेथे वरच्या बाजूस सांगाड्यास जोडलेले असतात तेथील नळी, कॅरिअरच्या नटबोल्टांच्या जागा आणि मागचे चाक धरून ठेवणारा चिमटा, या ठिकाणी हात फिरवून पाहावे. भेग रंगाखाली दडते पण बोटास लागते. कारखान्याचे वेल्डिंग सारखे व बारीक असते. गावच्या वेल्डरने मारलेला टाका जाड, गाठीगाठीचा असतो. असा एखादा टाका नाजूक जागी दिसला तर ती गाडी ओझ्याच्या कामास घेऊ नये, मग भाव काहीही असो. कॅरिअर नुकतेच काढून टाकलेले असले तरी त्याच्या घासण्याच्या खुणा राहतात. त्या पाहून विक्रेत्याच्या "घरच्या वापरातली गाडी" या बोलण्याचे वजन करावे.

खताची पोती वाहिलेल्या गाडीची गोष्ट निराळी. खताचा चुरा पोत्यातून झिरपून सांध्यांत बसतो, हवेतील ओल धरून ठेवतो आणि लोखंड आतून खातो. डब्यातून सांडून आंबलेले दूधही तेच करते. सीटखालची पन्हळ, बॅटरीची पेटी, मागच्या मडगार्डची आतली बाजू या जागी गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. वरवरचा गंज चालतो, टोक आत शिरले तर चालणार नाही.

गाडी कधी आपटली आहे काय हे पाहण्याची एक सोपी रीत शेतकऱ्यास सहज जमण्यासारखी आहे. प्रथम मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या चेन ताणण्याच्या खुणा सारख्या आकड्यावर आहेत याची खात्री करावी. नंतर ओलसर, मऊ मातीच्या सपाट जागेवरून गाडी सरळ, सावकाश पंधरा-वीस पावले न्यावी आणि उतरून चाकोरी पाहावी. मागच्या चाकाचा ठसा पुढच्या चाकाच्या ठशावर बरोबर पडला पाहिजे. दोन समांतर रेघा दिसल्या तर सांगाडा, पुढचे शॉकअप अगर चिमटा यांपैकी काहीतरी वाकलेले आहे. पेरणीच्या वेळी पाभर तिरपी चालते आहे हे ज्याच्या डोळ्यास कळते त्यास ही चाकोरी वाचावयास शिकवावे लागत नाही.

पुढचे चाक उचलून धरून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू वळवावे. मध्ये खाच पडल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला असे समजावे. तो बदलता येतो, पण भावात धरावा. पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली रेटावे. शॉकअपच्या दांड्यावर तेल उमटले तर सील फुटले आहेत. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. खडखड झाली तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजले आहे. मागच्या स्प्रॉकेटवरील चेन बोटाने मागे ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडत असेल आणि दात विळ्यासारखे वळले असतील तर चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावे लागतात. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत, नवी चेन झिजलेल्या दातांवर लवकरच जाते.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका लंबगोलात असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर कडक होऊन पावसात घसरतो, आणि बाजूस बारीक भेगा दिसत असल्यास आकडे वाचण्याचीही गरज नाही.

इंजिन थंड असताना ऐकावे

गाडी पाहावयास सकाळी लवकर जावे. आधी गाडी चालू करून ठेवू नये असे विक्रेत्यास सांगावे व गेल्याबरोबर इंजिनाजवळ हात नेऊन पाहावे. गरम लागले तर थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा माराव्यात आणि निवू द्यावे. गरम इंजिन बहुतेक दोष झाकते, थंड इंजिन ते उघडे करते.

निरोगी इंजिन थंडीत चोक ओढून दोन-तीन किकांत चालू होते. सुरुवातीस सायलेन्सरमधून विरळ पांढरी वाफ आली तर भिण्याचे कारण नाही, ते साचलेले पाणी असते. निळसर धूर येत राहिला व त्यास तेल जळाल्याचा वास असला, तर रिंगा अगर व्हॉल्व्हच्या सील गेल्या आहेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. हा दोष बहुधा कार्बुरेटर साफ करून व हवेची जाळी बदलून जातो. तेल मोजण्याची काडी काढून पाहावी. तेल काळे असणे स्वाभाविक आहे. ते ताकासारखे पांढुरके दिसल्यास पाणी शिरले आहे. नुकतेच घातलेले सोनेरी तेल पाहूनही फार हुरळून जाऊ नये, ते आवाज दाबण्यासाठी जाड घातलेले असू शकते.

क्लचची परीक्षा चढावर करावी. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जात असता एकदम मूठ पिळावी. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लचप्लेटी घसरत आहेत. गिअर आपोआप सुटत असल्यास मात्र इंजिन पूर्ण उघडावे लागते, म्हणून तो दोष मोठा धरावा.

मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. रोज २० किलोमीटर फिरणारी गाडी वर्षात ७,३०० आणि दहा वर्षांत ७३,००० किलोमीटर जाते. दहा वर्षांच्या दूधवाल्याच्या गाडीवर २८,००० आकडा दिसला तर एक तर मीटरची केबल तुटलेली होती किंवा मीटरच बदलले आहे. पाच आकड्यांचे मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते, हेही विसरू नये. ब्रेकच्या पायदानाचे व किकचे रबर आणि मुठी यांना खोटे बोलता येत नाही. पायदान गुळगुळीत झाले असेल तर आकडा काहीही म्हणो.

१ एप्रिल २०२० पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ प्रकारच्या असून त्यांपैकी बहुतेकांत कार्बुरेटरऐवजी विजेवर चालणारी इंधन फवारणी असते. अशा गाडीत किल्ली फिरवताच इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे व इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो विझलाच नाही तर दोष आहे, आणि मुळीच लागला नाही तर दोष लपविला आहे. या गाड्यांत बॅटरी दुबळी असल्यास नुसत्या किकवर भागेल असे धरून चालू नये. गावात यांची दुरुस्ती करणारा मिस्त्री आहे काय, ही चौकशी घेण्यापूर्वीच करावी.

पेट्रोलच्या टाकीत विजेरीने डोकावून पाहावे. आपल्याच उसापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. ही गोष्ट ऊस उत्पादकास आनंदाची असली तरी इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जी गाडी महिनोन् महिने उभी होती तिच्या टाकीच्या तळाशी पाणी व गंज साचतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांतील रबरी नळ्या व वॉशर यामुळे लवकर फुगतात अगर कडक होतात. ते भाग स्वस्त आहेत, बदलून घ्यावेत. टाकी गंजलेली असल्यास मात्र भाव कमी करण्यास ते सबळ कारण आहे.

तरुण मंडळींत दोन स्ट्रोकच्या यामाहा आरएक्स १०० या गाडीचे वेड दिसते. तिचे उत्पादन १९९६ मध्येच थांबले, म्हणजे सर्वांत नवी गाडीसुद्धा पंचवीस वर्षांहून जुनी आहे. हौस म्हणून ती जरूर बाळगावी. दुधाच्या कामास ती घेणे म्हणजे शर्यतीचा बैल मोटेस जुंपण्यासारखे आहे.

पुरात सापडलेली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली भागांत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणसह कोकणात व पुन्हा कोल्हापूरकडे आलेल्या महापुरांत असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या. त्यांतील पुष्कळ धुऊन, रंगवून पुढे विकल्या जातात, आणि विकल्या जातात त्या बहुधा दूरच्या जिल्ह्यांत, जेथे कोणास त्याची कल्पना नसते. अशी गाडी पहिले काही महिने चांगली चालते. मग एकेक तार सडते, दिवे मधूनच जातात, चाकांची बेअरिंगे खरखरू लागतात.

पुराचा गाळ फार बारीक असतो व धुण्याच्या पाण्याने तो सगळा निघत नाही. पुढच्या दिव्याच्या काचेच्या आत आणि मीटरच्या आत तळाशी मातीची पुसट रेघ राहते. टाकीखालून जाणाऱ्या तारांची जोडणी उघडली असता आत हिरवट गंज दिसतो. सीटचा स्पंज उन्हात दाबला तर कुबट वास येतो. हँडलच्या नळीत आणि सांगाड्याच्या पोकळ टोकांत काडी घालून पाहावी. नदीची करडी माती काळ्या रानात फिरणाऱ्या गाडीत कोठून आली हा प्रश्न विक्रेत्यास विचारावा. गाडी पुराची असल्याचे त्याने स्वतःहून सांगितले आणि भाव त्या मानाने ठेवला, तर तारांचा पूर्ण संच बदलण्याच्या तयारीने ती घेण्यास हरकत नाही.

भाव, पैसे आणि ताबा

पाहणीत सापडलेले दोष कागदावर लिहून काढावेत व प्रत्येकासमोर सुट्या भागाच्या दुकानातून विचारलेली किंमत आणि मजुरी मांडावी. दोन टायर, चेनसंच, बॅटरी, कोनसेट अशी बेरीज झाली म्हणजे भावाची बोलणी करावयास घासाघीस लागत नाही, कागद पुढे केला की पुरते. खरा विक्रेता यास रागावत नाही. तत्पूर्वी विसार देऊ नये, आणि आज संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे या सांगण्याने घाई करू नये. बाजारात बैल विकणाऱ्याकडूनही हेच वाक्य आपण ऐकत आलो आहोत.

भाव ठरल्यावर नमुना २९ व नमुना ३० यांवर विक्रेत्याच्या सह्या आपल्यासमोर घ्याव्यात. कोऱ्या नमुन्यांवर आधीच करून ठेवलेल्या सह्यांवर समाधान मानू नये. अर्ज आता ऑनलाइन भरावयाचा असल्यामुळे विक्रेत्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, म्हणून तो समोर असतानाच तालुक्याच्या ठिकाणी बसून अर्ज पुरा करावा. हस्तांतराची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत व घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास द्यावी, अशी मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० मध्ये तरतूद आहे. विक्रेता परराज्यातील असल्यास त्याची मुदत ४५ दिवसांची असते.

रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि तिचा एक वाटा, समजा पाचवा हिस्सा, नाव बदलून येईपर्यंत राखून ठेवावा. तसे पावतीवर दोघांच्या सहीने लिहावे. ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही घालावी, उदाहरणार्थ सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे. त्याच दिवशी दुपारी झालेल्या एखाद्या चलनाचा वा अपघाताचा वाद पुढे निघाला तर त्या एका ओळीने तो मिटतो.

चालू असलेला तृतीय पक्ष विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, परंतु हस्तांतरापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीस अर्ज करून आपले नाव लावून घ्यावे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर तो नाव लागल्याशिवाय उपयोगी पडत नाही. नवे नोंदणी पुस्तक हाती आले म्हणजे त्यावरील चॅसिसचा व इंजिनाचा क्रमांक पुन्हा एकदा गाडीशी ताडावा, राखलेली रक्कम विक्रेत्यास पोहोचवावी, आणि पहिल्याच रविवारी इंजिनातील तेल बदलून ब्रेकच्या लाइनरी व हवेची जाळी साफ करून घ्यावी.